पास खिशात, पण जागेचं काय?

माझी आई इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढली. आजोबा लोकोशेडमध्ये फिटर होते. कसाऱ्याहून घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं इगतपुरीला सुटायची, आणि त्यांचा खडखडाट ऐकतच तिला झोप लागायची, असं ती अजून सांगते. थळ घाटाची चढण १ ला ३७. म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर. तेवढ्यासाठी कसाऱ्याला गाडीच्या पाठीमागं जादा इंजिनं लावून तिला वर ढकलतात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीनं, सईनं, तिला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. स्वित्झर्लंडमधली लाल रंगाची छोटीशी गाडी बर्फातून वर चढत होती. आईनं तो तीनदा पाहिला. मग विचारलं, "मागं बँकर कुठंय?"

सईनं शोधून सांगितलं की ही बर्निना लाइन आहे, चढण दर हजार मीटरला ७० मीटर, मागं इंजिन नाही आणि रुळांच्या मधे दातेरी पट्टीही नाही. आई काही बोलली नाही. पण संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "हजाराला सत्तर म्हणजे चौदाला एक झालं. आपल्या घाटाच्या अडीचपट. एकटी कशी चढेल?"

आई ७२ वर्षांची आहे. तिनं आयुष्यात स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. हेही मागणं नव्हतंच, पण त्या रात्री मी आणि नवरा उशिरापर्यंत तेच बोलत बसलो. सईची दहावी मार्चमध्ये संपणार होती. परीक्षेनंतरच्या सुट्टीत जायचं ठरलं.

सुरुवातीला आम्ही एका ट्रॅव्हल कंपनीत गेलो. त्यांच्या पत्रकावर 'निसर्गरम्य रेल्वे प्रवास समाविष्ट' असं ठळक छापलेलं होतं. कुठून कुठपर्यंत, हे विचारल्यावर बऱ्याच फोनाफोनीनंतर कळलं की गाडीत साधारण तासभर बसवतात आणि पुढच्या स्टेशनावर बस उभी असते. आईला ज्या घाटासाठी न्यायचं तोच त्यात नव्हता. तिथून निघालो आणि गंगापूर रोडवर चहा पिताना नवरा म्हणाला, "आपणच करू. चौदा वर्षं मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसनं पास काढून गेलोय, रेल्वेचे नियम मला नवे नाहीत."

हे वाक्य मला तेव्हा नुसतं धीर देणारं वाटलं होतं. सगळ्या आखणीची किल्ली त्यातच होती, हे पुढं कळलं.

आम्ही घेतला तो स्विस ट्रॅव्हल पास. स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. तेवढ्या दिवसांत तिथल्या रेल्वे, बसगाड्या, तळ्यांतल्या बोटी, शहरांतल्या ट्राम सगळं त्यात येतं. पाचशेवर संग्रहालयंही फुकट. गोर्नरग्राटसारख्या डोंगरी गाड्यांना निम्मं तिकीट पडतं. आठ दिवसांच्या दुसऱ्या वर्गाच्या पासला माणशी चारशे फ्रँकच्या वर लागले, आणि फ्रँक तेव्हा शंभर रुपयांच्या अलीकडे-पलीकडे होता. रक्कम लहान नाही. पण पास आहे म्हटल्यावर आता कुठल्याही गाडीत चढायचं आणि बसायचं, असं मी धरून चालले होते.

नवऱ्यानं मला थांबवलं. "पास म्हणजे प्रवासाचा हक्क. जागेचा नाही."

पंचवटीनं रोज गेलेल्या नाशिककराला हे समजावून सांगावं लागत नाही. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडच्या फलाटावर महिन्याचा पास खिशात घालून उभी असलेली माणसं मी कित्येक वर्षं पाहिली आहेत. पास असलेल्यांचे डबे ठरलेले. त्यातही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर "जरा सरकता का" म्हणत तिघांच्या बाकावर चौथा टेकायचा. आरक्षणाच्या डब्यात पास चालत नाही. नवरा पहिली दोन वर्षं कल्याणपर्यंत उभा राहून गेला आहे. त्यामुळं परदेशातला पास हाती घेतल्यावर त्यानं पहिलं हेच शोधलं: कोणत्या गाडीला पास पुरतो आणि कुठल्या गाडीला त्यावर जागेचे पैसे वेगळे?

उत्तर असं निघालं. स्वित्झर्लंडमधल्या नेहमीच्या गाड्यांना, अगदी शहरांना जोडणाऱ्या जलद गाड्यांनाही, आरक्षण लागत नाही. पास दाखवा, रिकामी जागा बघा, बसा. पण पर्यटकांसाठीच्या खास काचेच्या गाड्यांना, म्हणजे ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेसला, आरक्षण सक्तीचं. पासवाल्याला तिकीट पडत नाही, जागेचे पैसे मात्र भरावेच लागतात. ग्लेशियरचे माणशी पन्नास फ्रँकच्या आसपास होते. चौघांचे दोनशे, म्हणजे वीस हजार रुपये नुसते बसण्याचे.

इथं सईच्या वयाचा प्रश्न आला. सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आतल्या मुलांना आई किंवा वडील पास घेऊन बरोबर असतील तर फॅमिली कार्डावर फुकट प्रवास करता येतो. सईला सोळावं लागून ते पूर्ण होणार होतं २९ मे रोजी. आम्ही सुरुवातीला जूनचा पहिला आठवडा धरला होता, कारण तेव्हा डोंगरावरचं बर्फ कमी आणि आईला चालायला सोपं. पण तारखा अलीकडं घेतल्या तर अख्खा एक पास वाचत होता. आम्ही पंधरवडा अलीकडं सरकलो आणि परतीचं विमान २७ तारखेला घेतलं. घरात मुलं असतील त्यांनी तारखा ठरवण्याआधी जन्मतारखा बघाव्यात. एक लक्षात ठेवायचं, कार्डावर प्रवास फुकट असला तरी ग्लेशियरमध्ये मुलांच्या जागेचे पैसे मोठ्यांइतकेच लागतात.

पासात आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी लागते. एक पास सलग दिवसांचा असतो आणि दुसरा, फ्लेक्स, महिन्याभरात हवे ते दिवस निवडायचा. दुसरा महाग. आमचं विमान झुरिकला संध्याकाळी उतरणार होतं. त्या दिवसापासून पास सुरू केला असता तर दहा-बारा मिनिटांच्या प्रवासात एक पूर्ण दिवस खर्ची पडला असता. विमानतळावरून शहरात जायला सहा-सात फ्रँकचं साधं तिकीट पुरतं. म्हणून पास दुसऱ्या दिवसापासून घेतला. निम्म्या भाड्याचं एक कार्डही मिळतं. त्याचा हिशेब मी वहीत दोन रात्री मांडला. रोजची ठिकाणं, त्यांची मूळ भाडी, त्यांचं निम्मं, आणि खाली बेरीज. एकाच ठिकाणी राहून दोन-तीनदाच फिरणाऱ्यांना ते कार्ड परवडतं. आम्ही जवळजवळ रोज गाडीत होतो, त्यामुळं पास स्वस्त पडला. आरक्षणाच्या पैशात मात्र दोन्हीकडं काही फरक पडत नाही. ते सूट न देता पूर्ण घेतात.

मग डायनिंग टेबलावर नकाशा आला. सईनं चार कागद चिकटवून प्रिंट काढली होती. आई जेवण झाल्यावर चष्मा लावून त्यावर वाकायची आणि नदीवरून बोट फिरवत रूळ कुठून जातो ते बघायची. ग्लेशियर एक्स्प्रेसचा मार्ग झेरमॅटपासून सेंट मॉरिट्झपर्यंत २९१ किलोमीटर. त्यात ९१ बोगदे आणि २९१ पूल. वेळ आठ तास. सईनं भागाकार करून पाहिला तर ताशी छत्तीसच्या आसपास. आई म्हणाली, "घाटात एवढंच धावायला हवं." सर्वात उंच जागा ओबरआल्प खिंड, २०३३ मीटर. तिथंच जवळ ऱ्हाईन नदीचा उगम.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती अशी की या दोन्ही खास गाड्या ज्या रुळांवरून जातात, त्याच रुळांवरून रोज दर तासाला साध्या गाड्याही जातात. तीच दरी, तोच पूल, तेच बर्फ. पास त्यात पूर्ण चालतो आणि आरक्षण लागत नाही. आपल्याकडं डेक्कन एक्स्प्रेसला २०२१ साली काचेच्या छपराचा व्हिस्टाडोम डबा लागला. बोरघाट त्या डब्यातून दिसतो तोच शेजारच्या साध्या डब्यातूनही दिसतो. तसंच हे.

यावर आमच्याकडं आठवडाभर चर्चा चालली. नवऱ्याचं म्हणणं, दोन्हीकडं साध्या गाडीनं जाऊ, चौघांचे आरक्षणाचे पैसे वाचतील. मी वेळापत्रक काढून बसले. झेरमॅटहून सेंट मॉरिट्झला साध्या गाड्यांनी जायचं तर वाटेत तीन-चार ठिकाणी गाडी बदलावी लागते. दरवेळी दोन मोठ्या बॅगा, चार छोट्या, आणि आईच्या गुडघ्यांसाठी फलाटावरच्या पायऱ्या. ग्लेशियरमध्ये एकदा बसलं की आठ तासांनीच उतरायचं. तिथं वीस हजार रुपये आईच्या गुडघ्यांसाठी होते, काचेच्या छपरासाठी नव्हते. बर्निनाचं उलट. सेंट मॉरिट्झ ते तिरानो हा ६१ किलोमीटरचा पट्टा साधी गाडीही कुठं न बदलता पार करते, अडीच तासांच्या आत. सामान हॉटेलवर ठेवून हात हलवत जायचं आणि यायचं. तिथं जागेचे पैसे कशाला?

आणि आईची एक अट होती. ती म्हणाली, "खिडकी उघडायला हवी. गाडी चढताना आवाज ऐकायचाय." खास गाडीच्या मोठ्या काचा उघडत नाहीत. साध्या गाडीच्या काही डब्यांच्या उघडतात. प्रश्न मिटला. ग्लेशियरला आरक्षण, बर्निनाला साधी गाडी.

जागा काढण्याची घाई होती, पण त्याआधी व्हिसा. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो. मुंबईला चौघांच्या बोटांचे ठसे द्यायला गेलो, पहाटेच्या काळोखात निघून. तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो. तिरानो इटलीत आहे, पण तोच व्हिसा तिथं चालतो आणि पासही तिरानोच्या स्टेशनापर्यंत चालतो. तिथून पुढं इटलीच्या गाडीत मात्र वेगळं तिकीट. व्हिसा मिळायच्या आधी पासाचे पैसे अडकवायला जीव होईना. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घेतली. पासपोर्ट घरी येईपर्यंत थांबलो, आणि तेवढ्यात आमच्या तारखेच्या ग्लेशियरमधल्या जागा उडाल्या.

नेमकं सांगते. त्या गाडीत दुसऱ्या वर्गात दोन्ही बाजूंना समोरासमोर चार-चार जागा असतात, मधे टेबल. चौघांच्या कुटुंबाला तो कप्पा नेमका पुरतो. शुक्रवारी रात्री मी पाहिलं तेव्हा आमच्या दिवशी दोन जागा एका डब्यात आणि दोन दुसऱ्या डब्यात एवढंच शिल्लक होतं. आईला आठ तास आमच्यापासून लांब बसवायची कल्पनाच सहन होईना. एक दिवस अलीकडं पाहिलं. तिथं पूर्ण चौकडी मोकळी. मग झेरमॅटचं हॉटेल एका रात्रीनं कमी, सेंट मॉरिट्झजवळच्या पॉन्ट्रेसिनाचं एका रात्रीनं जास्त, असं सगळं पुन्हा जुळवलं. हॉटेल रद्द करता येण्याजोगं घेतलेलं इथं कामाला आलं.

पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं. एकदा, दोनदा. पडद्यावर जागा धरून ठेवल्याची मिनिटं उलटी मोजली जात होती. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद करून ठेवलेला होता, आणि तो सुरू केल्यावरही लगेच लागू झाला नाही. जागा सुटल्या. मी हातपाय गळून बसले. नवऱ्यानं स्वतःच्या कार्डावरचं बंधन काढलं, पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "सुटलेली जागा पुन्हा यादीत येते. पंधरा मिनिटं थांब." रात्री पावणेबाराला तोच कप्पा परत दिसला. यावेळी पैसे गेले. मी सईला उठवून डबा आणि जागेचे आकडे दाखवले, आणि तिनंही झोपेतच ते आजीला जाऊन सांगितले. म्हणून सांगते, कार्डाचं आधी बघून ठेवा. जागा निवडायच्या आधी एखादं छोटं परदेशी बिल त्या कार्डावर भरून पाहा.

जेवण जागेवरच आणून देतात, ते आरक्षणाबरोबरच नोंदवता येतं. आईसाठी शाकाहारी सांगितलं. पासावरची नावं पासपोर्टवर आहेत तशीच टाकली. आईच्या पासपोर्टवर बाबांचं नाव मधे आहे, रोजच्या वापरात नाही. तपासनीस पास पाहतो तेव्हा पासपोर्टही मागू शकतो, म्हणून अक्षर न अक्षर जुळवलं.

बाकीचे दिवस वेळापत्रकावर बसवायला फार सोपं गेलं, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. १९८२ सालापासून तिथं सगळ्या देशाचं वेळापत्रक ठरावीक ठेक्यावर चालतं. एखादी गाडी ९ वाजून २ मिनिटांनी असेल तर १० वाजून २ मिनिटांनीही असते, ११ वाजून २ मिनिटांनीही. एक चुकली तर तासाभरानं तीच. जंक्शनला गाड्या एकमेकींना भेटतील अशा बेतानं येतात. म्हणून आरक्षण फक्त एका दिवसाचं आणि बाकी सात दिवस मोकळे ठेवले. आईला थकवा आला तर तासाभरानं निघू. हवा बिघडली तर दिवस अदलाबदल करू. प्रत्येक गाडीत जागा धरली असती तर ही मोकळीक उरली नसती.

मेच्या मध्यावर सईचा निकाल लागला, चांगला लागला, आणि आम्ही निघालो. बॅगेत कोंडाजीचा चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरे. दुधातुपाचं काही नेलं नाही, कारण तसले पदार्थ तिथं नेऊ देत नाहीत.

इंटरलाकेनचे दोन दिवस, बोट, झेरमॅट, गोर्नरग्राटवरून दिसलेलं ४४७८ मीटरचं मॅटरहॉर्न, हे सगळं सुंदर होतं, पण त्यावर बाकीच्यांनी पुष्कळ लिहिलं आहे.

ग्लेशियरच्या दिवशी आम्ही वीस मिनिटं आधी फलाटावर होतो. आमची चौकडी, टेबलावर नकाशा छापलेला. पहिल्याच चढणीला आईनं खाली वाकून बघितलं आणि शेजारच्या रुळाच्या मधे दातेरी पट्टी दाखवली. उटीच्या गाडीला असते तशीच. झेरमॅटकडून डिसेंटिसपर्यंत जिथं चढण जास्त तिथं गाडीचं चाक त्या दातांत अडकून चढतं. सई खिडकीतून हिमनदी शोधत होती. तिला नवऱ्यानं सांगितलं की नाव ऱ्होन हिमनदीवरून पडलंय, आणि १९३० साली गाडी सुरू झाली तेव्हा ती खिडकीतून दिसायची. १९८२ मध्ये फुर्काचा १५.४ किलोमीटरचा बोगदा झाला आणि गाडी डोंगराच्या वरून जायची ती पोटातून जाऊ लागली. त्या बोगद्यामुळंच ती हिवाळ्यातही धावू शकते. सईला वाईट वाटलं. आई म्हणाली, "बोगदा खणणाऱ्यांनाही वाटलं असेल." बोगदा सरेपर्यंत मग कुणीच बोललं नाही.

डिसेंटिसला इंजिन बदललं. आई उठून दारापर्यंत गेली. ती इगतपुरीला असताना तिथं गाड्यांचं इंजिन बदलायचं, आणि नंतर तर मुंबईकडून येणारी वीज एक जातीची आणि पुढची दुसरी अशी झाली. ते बदलायला किती मिनिटं लागायची हे तिला अजून पाठ आहे. तिथं घड्याळ लावून ती उभी राहिली.

दुपारनंतर ऱ्हाईनची पांढऱ्या कड्यांची घळ, मग संध्याकाळी लांडवासरचा पूल. ६५ मीटर उंच, दगडी, वळणावरचा. पूल संपतो तिथंच सरळ कड्यात बोगदा. आपल्या थळ घाटातल्या उंटदरीच्या पुलावरून गाडी जाताना कसाऱ्याची माणसं अजून खिडकीशी येतात. इथंही सगळा डबा एका बाजूला आला. काचेमुळं फोटोत आमचेच चेहरे उमटले. फोटो काढायचा तर गडद रंगाचा कपडा घालून काचेला मोबाईल चिकटवावा, हे तिथं शिकले.

दुसऱ्या दिवशी बर्निना. पॉन्ट्रेसिनाच्या फलाटावर नवऱ्यानं आईला वर तारा दाखवल्या. इथं एका बाजूची वीज ११ हजार व्होल्ट एसी आणि बर्निनाची एक हजार व्होल्ट डीसी, दोन्ही याच स्टेशनात भेटतात. आई त्या तारांकडं मान वर करून बघतच राहिली. म्हणाली, "म्हणजे ही इथली इगतपुरी." मग माझा हात धरला, जरा घट्टच.

आम्ही उघडणाऱ्या खिडक्यांचा डबा शोधला. दक्षिणेकडं जाताना उजवी बाजू धरायची हे आधीच ठरवलं होतं. मोर्टेराच हिमनदी, पुढं लागो बियांको तळं, सगळं उजवीकडं. तळं अजून अर्धं गोठलेलं होतं. त्या तळ्यापाशी पाण्याचे दोन रस्ते होतात. एका बाजूचं पाणी डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात, दुसऱ्या बाजूचं ॲड्रिॲटिकमध्ये. आम्हा नाशिककरांना हे नवं नाही. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडं जाते, आणि त्याच डोंगररांगेतून वैतरणा अरबी समुद्राकडं. सईनं हे आजीला न विचारता स्वतःच म्हटलं.

सर्वात उंच स्टेशन ओस्पित्सिओ बर्निना, २२५३ मीटर. तिथून गाडी ४२९ मीटरवरच्या तिरानोपर्यंत उतरते. ब्रुसिओला नऊ कमानींचा गोल पूल आहे, त्यावरून गाडी स्वतःभोवती एक पूर्ण फेरा घेऊन खाली येते. हा सगळा मार्ग २००८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिरानोत उतरून आम्ही कॉफी घेतली, चिवडा काढला. आईला तिथं फार थांबायचं नव्हतं. तिला परत जायचं होतं, कारण तिची चढण परतीच्या वाटेवर होती.

परतीची गाडी जवळजवळ रिकामी. जागा धरलेली नसल्यामुळं आई कधी या खिडकीशी तर कधी त्या. पोस्कियावो सोडलं आणि खरी चढण लागली. गाडी ताशी तीसच्या आसपास, वळणं इतकी आवळलेली की पुढचा डबा आपल्याकडं बघतोय असं वाटावं. नवऱ्यानं खिडकी खाली सरकवली. गार वारा आत आला. मोटरचा आवाज एका सुरात, न थकता. आईनं शाल डोक्यावरून घेतली आणि कान खिडकीशी नेला.

आल्प ग्रूमच्या खालच्या एका वळणावर गाडी घोड्याच्या नालेसारखी वाकली. आमच्या खिडकीतून तिचं शेवटचं टोक दिसलं. लाल डबा, त्यामागं मोकळे रूळ, त्यामागं खोल दरी आणि खाली पोस्कियावोचं तळं.

आईनं बराच वेळ तिकडं पाहिलं. वळण संपून टोक दिसेनासं झालं तेव्हा आत वळून माझ्याकडं बघून म्हणाली, "नाहीये गं मागं कुणी. एकटीच चढली."